तिसऱ्या तोंडातली चिंधी

आमच्या गॅरेजमध्ये एक नियम आहे. इंजिनाचं तोंड उघडं पडलं, की आधी त्यात चिंधी कोंबायची, मग शिंकायचं असेल तर शिंकायचं. एक वॉशर, वाळूचा एक कण आत गेला तर आठवडाभराचं काम मातीत. चिंध्या कोंबताना मोठ्यानं मोजायच्या, काढताना मोठ्यानं मोजायच्या, आणि समोरच्यानं "जमलं" म्हटल्याशिवाय पुढे हात लावायचा नाही. तरुणपणी एकदा मी तीन काढल्या आणि चौथी आत विसरलो. इंजिन दहा मिनिटं चाललं. त्यानंतर तेव्हाच्या मालकानं मला जे ऐकवलं ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

चिंध्या घरच्याच. कपडा अगदी विरला, की बायको आधी त्याची बटणं काढून डब्यात टाकते आणि मग तो माझ्या अंगावर फेकते. मी त्याचे वीतभर चौकोन कापतो. त्यामुळे गॅरेजमधली प्रत्येक चिंधी मला ओळखू येते. ही उशीची खोळ, हा माझा पायजमा, हा लेकीचा शाळेचा सदरा. बाहेरचं कापड आमच्याकडे येत नाही.

काम लेकीच्याच गाडीचं होतं. ती दिवसभर लोकांच्या जमिनी मोजते आणि सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर गाडी पळवते. सहा महिने माझ्या मागे लागली होती, "बाबा, टर्बो बसव." टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात जबरदस्तीनं हवा भरणारा पंखा. बसवायला सोपा. खरी डोकेदुखी पुढची. हवा वाढली की त्याच मापात पेट्रोल वाढवावं लागतं, नाहीतर पिस्टन वितळतो. म्हणजे पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आले, आणि ते बसवायला इनटेक मॅनिफोल्डची चिरफाड आली. हा मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरना हवा वाटून देणारा, चार हातांचा ॲल्युमिनियमचा नळ. त्याचं पोट कापून मोठं करायचं, आणि इंजेक्टरांसाठी नव्या बैठका वेल्ड करायच्या.

वेल्डिंग माझ्या मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ, बावीस वर्षं माझ्यासोबत आहे. हाताला तोड नाही, तोंडाला लगाम नाही. टर्बोची चाचणी त्याला सुरुवातीपासून पटलेली नव्हती. रविवारी सकाळी लेक गाडी चालवणार, आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन हवा-पेट्रोलचे आकडे बघणार, असं ठरलं होतं. आकडा घसरला की मी "सोड" म्हणून ओरडायचं आणि तिनं पाय उचलायचा.

"भाऊजी, बापलेक एकाच गाडीत कशाला?" तो रोज म्हणायचा. "एकाला तरी घरी ठेवा. माझ्या ताईचा काही विचार?"

"तुझ्या ताईनं इतकी वर्षं मला सोसलंय, एक रविवार काढेल," मी म्हणायचो. तो हसायचा, पण पुरता नाही.

सोमवारी मॅनिफोल्ड उतरवला. इंजिनाची चार तोंडं उघडी पडली. मी मोजून चार चिंध्या कोंबल्या. मेहुणा म्हणाला, "जमलं." त्यानं दुपारपर्यंत पोट कापून मोठं केलं, बैठका लावल्या. मी तोवर इंजेक्टर काचेच्या नळ्यांवर लावून तपासले. चारही नळ्यांत पेट्रोल एका रेषेत होतं. मन कसं प्रसन्न झालं. मग मॅनिफोल्ड बसवून बघायला घेतला आणि चिंध्या उपसायला लागलो.

"एक. दोन. तीन." तिसऱ्या तोंडातून चिंधी काढली, तर तिच्यामागे आणखी काहीतरी मऊ लागलं. "चार," मी ते ओढत म्हणालो. चौथ्या तोंडातली चिंधी अजून आतच होती.

"पाच," ती उपसत मेहुणाच म्हणाला. "घ्या! जास्त निघाली."

पाचवी चिंधी शेवाळी रंगाची होती, बारीक पांढऱ्या रेघांची. वीतभर चौकोन, कडा माझ्या कात्रीनं कापल्यासारख्याच तिरप्या. कापड कोरं करकरीत. असलं कापड मी गॅरेजमध्ये कधी कापलं नव्हतं.

"तू टाकलीस?"

"मी कशाला टाकू? मला काय दुसरं काम नाही?"

मी टॉर्च लावून चारही तोंडं पाहिली. स्वच्छ होती. जास्त निघाली तर इंजिनाचं नुकसान नाही, कमी निघाली तर मरण. म्हणून मी विषय सोडला. पण ती चिंधी खिशात ठेवली, फेकली नाही.

बुधवारी मॅनिफोल्ड पुन्हा उतरवावा लागला. तिसऱ्या इंजेक्टरचा फवारा तिरका पडत होता, थेट तोंडाच्या आतल्या भिंतीवर. बैठक कापून पुन्हा लावायची होती. या खेपेला मी मार्करनं चिंध्यांवर आकडे टाकले. एक ते चार. मेहुणा बघत होता.

"आता चिंध्यांची हजेरी घेणार का?"

"घेणार. आणि खोटी हजेरी लावणाऱ्याचीही."

तासाभरानं काढल्या. एक, दोन, तीन. आणि तिसरीमागे पुन्हा एक. शेवाळी, पांढऱ्या रेघांची. तिच्यावरही आकडा होता. तीनच. माझा तीन खालून लांब शेपूट काढून उजवीकडे वळतो, मला तशी खोडच आहे. त्या चिंधीवरच्या तिनाचं शेपूटही तसंच वळलेलं होतं. मी दोन्ही चिंध्या शेजारी ठेवल्या. कुठली मी लिहिली, हे फक्त कापडावरून कळत होतं.

मेहुण्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो घाबरला होता, की घाबरल्याचं सोंग करत होता? बावीस वर्षं ओळखतो त्याला, आणि त्या क्षणी मला ते सांगता येईना. रविवार मोडायचा होता त्याला. मी बिथरलो की रविवार आपोआप मोडणार होता. माझं अक्षर त्यानं बावीस वर्षं पाहिलेलं. मी वॉशबेसिनकडे जातो तेव्हा तो एकटाच असतो. सगळं नीट जुळत होतं.

गुरुवारी तो जेवायच्या वेळी बाहेर गेला तेव्हा मी त्याची पिशवी उघडली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या. शेवाळी कापड नव्हतं. पिशवी बंद करतोय तोच तो दारात उभा.

"काय शोधताय, भाऊजी?"

मी ओशाळलो, आणि ओशाळलेला माणूस जे करतो तेच केलं. ओरडलो. नाही नाही ते बोललो. चिंध्या त्याच्या तोंडासमोर नाचवल्या. आजपासून गॅरेजची पायरी चढायची नाही, असंही म्हणालो.  त्यानं खिशातून हातमोजे काढले, वेल्डिंगच्या मशीनवर घडी करून ठेवले, पिशवी उचलली आणि गेला. त्याच्या गप्प राहण्याचा मला जास्त राग आला.

घरी बायकोनं ताट समोर आपटलं. "माझ्या भावाची पिशवी तपासलीत? लाज नाही वाटली?"

"वाटली," मी म्हणालो. खरंच वाटली होती.

शुक्रवारी एकटाच होतो. कुलूप नवं आणलं होतं, दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात. लेक कामावर होती. नव्या बैठकीच्या वेल्डला साबणाचं पाणी लावून हवा सोडली, तर एका ठिकाणी बुडबुडे आले. पुन्हा उतरवा! मी शिव्या घालत उतरवला. चिंध्या कोंबल्या, मोठ्यानं मोजल्या. "जमलं" म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून ते मीच म्हणालो आणि मलाच कसंतरी झालं.

बारीक भोक होतं, ते मी स्वतःच भरलं. माझं वेल्डिंग मेहुण्यापुढे म्हणजे पोरखेळ, पण हवा थांबली. हे सगळं चालू असताना मी त्या चार तोंडांकडे पाठ केली नाही. खुर्ची समोर ओढून बसलो होतो. दाराला कडी होती, खिडकीला जाळी. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचा टुकटुक आवाज येत होता. चिंध्या जागच्या हलल्या नाहीत.

काढल्या. पाच.

या वेळची शेवाळी चिंधी जाड लागली. उलगडली तर तिच्यावर खिसा होता. शर्टाचा खिसा, शिवलेला, कोपऱ्याला छोटा तिरका टाका. मग एकदम ओळख पटली. इतके दिवस कशी पटली नाही कोण जाणे. हा शर्ट माझाच होता. लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेला. मी तो एकदाच घातलाय, तिच्या आत्याकडच्या लग्नात. बाकी कपाटात.

गॅरेज तसंच टाकून घरी आलो. चपला न काढता कपाट उघडलं. शर्ट हँगरला होता. अख्खा. मी हात फिरवून पाहिला. पाठ, बाह्या, कॉलर, खिसा. खिशाच्या कोपऱ्याला तोच तिरका टाका. हातातली चिंधी त्यावर धरली. रेघेला रेघ लागली.

"अहो, काय चाललंय?" बायको मागे उभी होती. राग अजून गेला नव्हता, पण माझं तोंड बघून ती जवळ आली. मी चिंधी दाखवली. तिनं ती उलटसुलट केली, शर्टावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"दुसरा असाच शर्ट असेल कोणाचा तरी."

"आणि कोणी तो कापून माझ्या इंजिनात घालेल?"

"तुमच्या चिंध्यांसाठी चांगला शर्ट कोण कापतं?" ती म्हणाली. "नवाकोरा आहे हा. तुम्ही आहात तोवर मी याला कात्री लावू देईन होय?"

बोलली आणि तिनं जीभ चावली. मग कपाटाचं दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्या रात्री मी जेवलो, झोपलो. खोटं कशाला सांगू, झोप लागली. पण सकाळी उठलो तो निर्णय घेऊनच. रविवारची चाचणी रद्द. अकराच्या सुमारास गॅरेजमधून लेकीला फोनवर सांगितलं तर ती अर्ध्या तासात गॅरेजमध्ये हजर. मेहुण्यालाही घेऊन आली होती. तो दाराशीच थांबला, पायरीच्या खाली.

"मामानं मला सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "चिंध्यांच्या पायी तू त्याला हाकललंस?"

मी पायरी उतरून त्याच्याजवळ गेलो. "चुकलो," म्हणालो. "तू नव्हतास. काल दार बंद होतं, मी एकटा होतो, तरी निघाली."

"मला ठाऊक होतं मी नव्हतो ते," मेहुणा म्हणाला. "पण भाऊजी, पिशवी बघायची होती तर मागायची. दिली असती." आणि आत येऊन त्यानं आपले हातमोजे जागेवर आहेत का ते पाहिलं. आमची माफामाफी एवढ्यावर आटपली.

लेकीला मी शर्टाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. जमिनी मोजणारी मुलगी आहे, फितीवर विश्वास. "ठीक," ती म्हणाली, "आत्ता दुपारचे बारा वाजलेत. आपण तिघं आहोत. मॅनिफोल्ड उतरलेलाच आहे. समोर बसून कोंबू, समोर बसून काढू. चार निघाल्या तर उद्या गाडी काढायची. पाच निघाल्या तर मी कधी नाव काढणार नाही."

चार चिंध्या मी कापल्या, माझ्या जुन्या पायजम्याच्या, निळ्या. आकडे टाकले. लेकीनं कोंबल्या, मोठ्यानं मोजल्या. मेहुणा म्हणाला, "जमलं." मग आम्ही तिघं स्टुलं ओढून इंजिनासमोर बसलो. कोणी फोन काढला नाही. पत्रा उन्हानं तडतडत होता. अर्ध्या तासानं लेक उठली.

"एक. दोन." तिसऱ्या तोंडात तिनं बोटं घातली. आणखी आत घातली. "बाबा, लागत नाहीये."

"चौथी काढ."

तिनं चौथी काढली. टेबलावर तीन निळ्या चिंध्या होत्या. एक, दोन, चार.

मी टॉर्च लावला. तिसरं तोंड रिकामं. ते तोंड जेमतेम वीतभर खोल. शेवटी व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह बंद. मी स्वतः क्रँक फिरवून बंद केला होता. कागद जायला जागा नाही तिथून. तरी चिंधी नव्हती.  जास्त निघत होत्या तोवर मी नुसता चिडत होतो. आता भीती वाटली, आणि ती मी लपवली नाही.

"कॅमेरा आण," मी मेहुण्याला म्हणालो.

आमच्याकडे नळ्या तपासायचा कॅमेरा आहे. लांब वायर, टोकाला दिवा आणि भिंग, दुसऱ्या टोकाला हाताएवढा पडदा. पडदा लेकीनं धरला, वायर मी सोडायला लागलो. ॲल्युमिनियमची भिंत दिसली, करवतीच्या बारीक खुणा दिसल्या. मग भिंत गेली.

"थांब," लेक म्हणाली. "व्हॉल्व्ह कुठाय?"

मी वायर पाहिली. हातभर आत गेली होती. मी आणखी सोडली. दीड हात. पडद्यावर काळोख, कॅमेऱ्याच्या दिव्यात तरंगणारी धूळ. मग पुढे एक गोल उजेड दिसायला लागला. दिवसाचा उजेड. आम्ही ज्या तोंडातून आत गेलो होतो, तसंच एक तोंड, समोरून.

त्या उजेडात दोन बोटं आली.

ती चाचपत आत आली, जशी माझ्या लेकीची आत्ता गेली होती. आणि मागे गेली तेव्हा त्यांच्यात एक निळी चिंधी होती.

मेहुणा काहीतरी पुटपुटला.

पलीकडची बोटं परत आली नाहीत. चिंधी उलगडून कोणी बघत असावं. तिच्यावर माझा तीनचा आकडा होता, लांब शेपटाचा. लेकही तीन तसाच काढते, माझ्याकडूनच शिकलेली.

मग आवाज आला. पडद्यातून नाही, त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. इंजिनातून आला, तिसऱ्या तोंडातून.

"बाबा?"

लेक माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"बाबा, तू आहेस का तिकडे?"

आवाज तिचाच. म्हातारा नाही, बदललेला नाही. फक्त खूप रडून झाल्यावर बसतो तसा बसलेला.

मी तोंड उघडलं. बापाचं तोंड आहे, हाक आली की ओ जाते. लेकीनं माझी बाही घट्ट धरली.

"नको," ती कुजबुजली. "ओ देऊ नको."

मी नाही दिली. पलीकडे ती थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मी इकडे उभा राहिलो आणि माझ्या लेकीला हाकेला उत्तर दिलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

मग गोल उजेडात कापड आलं, नीट दाबून बसवलं गेलं, आणि पडदा काळा झाला.

मी वायर ओढून घेतली. टोक निघालं, तर वायर वीतभरच आत गेलेली होती. टॉर्चमध्ये व्हॉल्व्ह दिसला, बंद, जागच्या जागी.

 लेक स्टुलावर बसली. मेहुण्याला शांतता सोसत नाही, त्यानं कॅमेरा गुंडाळायला घेतला आणि मला धीर द्यावा म्हणून बोलायला लागला.

"भाऊजी, एक बघा. तिकडेही काम हेच चाललंय. म्हणजे रविवारी काही झालेलं नाही. गाडी शाबूत आहे." त्यानं करंगळी दुमडली. "पोरगी शाबूत आहे." शेजारचं बोट दुमडलं.

मधल्या बोटाला त्यानं अंगठा लावला, आणि माझ्याकडे बघत तो तसाच थांबला.